वेटसूट आणि कॉम्प्रेशनचे कपडे : लांब पल्ल्याच्या खेळाडूंना खरंच फायदा होतो का?

मंदगती:
पुढच्या हंगामात पहिली हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन करायची आहे. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. सायकल आणि धावणं जमतं, पोहणं कच्चं आहे. मोठेपणी शिकले, त्यामुळे दम पुरतो पण वेग येत नाही. १०० मीटरला अडीच मिनिटं लागतात. स्पर्धेच्या ठिकाणी पाणी साधारण २२ अंशांच्या आसपास असतं.

सोबत सराव करणाऱ्यांमध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो डोळे झाकून वेटसूट (पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख) घे, पोटऱ्यांना कॉम्प्रेशन स्लीव्हही (पोटरी आवळून धरणारं, पाऊल मोकळं ठेवणारं घट्ट आवरण) घे. दुसरा म्हणतो हा सगळा जाहिरातींचा खेळ, तेवढा वेळ सरावाला दे. 'का' असं विचारलं की दोन्हीकडून "वापरून बघ, कळेल" एवढंच उत्तर मिळतं. मला कारण समजून घ्यायचं आहे. पाण्यात नेमकं काय घडतं? पोटरी आवळून धरली तर पायाला काय मिळतं? ज्यांनी वापरलंय, वाचलंय किंवा ज्यांचा हा पेशाच आहे त्यांनी सविस्तर लिहा. प्रतिसाद लांबला तरी चालेल.

खोलपाणी:
आधी या दोन गोष्टी वेगळ्या करा. दोन्ही अंगाला घट्ट बसतात, म्हणून एका दमात त्यांची नावं घेतली जातात. पण त्यांचं काम वेगळं आहे आणि पुरावाही वेगळ्या दर्जाचा आहे. मी फक्त वेटसूटबद्दल लिहितो.

वेटसूट म्हणजे ऊब, असा सर्वसाधारण समज आहे. ऊब मिळतेच. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे गार पाण्यात सूट जीव वाचवतो. पण २२ अंशांच्या पाण्यात तुम्हाला जो फायदा होणार आहे तो उबेचा नाही, तरंगण्याचा आहे. निओप्रीन हे रबर असलं तरी ते भरीव नसतं. त्यात वायूचे बारीक बुडबुडे कायमचे कोंडलेले असतात. हे बुडबुडे तुम्हाला वर उचलतात.

माणसाचं शरीर पाण्यात सरळ आडवं राहत नाही. छातीत हवा असते, म्हणून छाती वर राहते. पाय जड, ते खाली जातात. पट्टीचा पोहणारा पोटाचे स्नायू आवळून, डोकं खाली ठेवून ही रेषा सांभाळतो. मोठेपणी शिकलेल्यांचं शरीर बहुतेक वेळा तिरकं असतं. तिरकं शरीर पाण्याला जास्त अडतं, मग पाय वर ठेवण्यासाठी जोरजोरात पाय मारावे लागतात. मांड्या हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, ते भरपूर प्राणवायू खातात आणि बदल्यात वेग फारसा देत नाहीत. सूट घातला की कंबर आणि मांड्या आपसूक वर येतात. पाय मारणं कमी होतं आणि ती ताकद सायकलसाठी शिल्लक राहते.

आकडा हवा असेल तर : नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९८९ मध्ये ट्रायथलॉनच्या खेळाडूंवर मोजमाप केलं होतं. सेकंदाला १.२५ मीटर वेगाने पोहताना वेटसूटमुळे पाण्याचा अवरोध १४ टक्क्यांनी कमी झाला. अवरोध १४ टक्के घटला म्हणून वेग १४ टक्के वाढत नाही, इथे बऱ्याच जणांची गफलत होते. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. हिशेब मांडला तर तेवढ्याच शक्तीत वेग सुमारे ५ टक्के वाढतो. तुमच्या गतीने १.९ किमीला साडेसत्तेचाळीस मिनिटं लागतील, त्यात दोन-सव्वादोन मिनिटं वाचतील. पाय फार बुडत असतील तर त्याहून जास्त.

चौथी_लेन:
खोलपाणी यांच्याशी सहमत, फक्त एक पुस्ती जोडते. हा फायदा सगळ्यांना सारखा नसतो. मी शाळेपासून तलावातल्या स्पर्धांमध्ये पोहत आलेय. मला सूटमध्ये वेग थोडा वाढल्याचं दिसतं, पण खांद्यांवर त्याची किंमत मोजावी लागते. हात पुढे नेताना दर वेळी रबर ताणावं लागतं. लांब अंतरात हजारो हात मारले जातात, शेवटी खांदे भरून येतात. म्हणून बिनबाह्यांचे सूट आवडणारे पोहणारेही भरपूर आहेत.

१९९१ मध्ये याच प्रश्नावर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. अंगात चरबी कमी असलेल्या पोहणाऱ्यांना सूटचा फायदा जास्त झाला, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे. चरबी मुळातच तरंगते. काटक, हाडापेराने मजबूत धावपटू पाण्यात बुडतो, त्याला बाहेरून तरंग मिळाला की फरक लगेच जाणवतो.

मंदगती, तुम्हाला सूट विकत न घेता याचा अंदाज घेता येईल. पुल बॉय असतो ना, मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा? तो धरून, पाय अजिबात न मारता ४०० मीटर पोहा. नीट विश्रांती घ्या आणि तेवढंच अंतर नेहमीसारखं पाय मारत पोहा. ठोकळा धरून वेळ कमी लागली तर तुमचे पाय तुम्हाला मागे खेचताहेत आणि सूट तुम्हाला चांगलाच लाभेल. वेळ वाढली तर फायदा बेताचाच असेल.

अथांग:
माझा मुद्दा वेगळा आहे. फायदा होतो हे मान्य, पण मग आपण मोजतोय काय? कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेला तो अंगाला पॉर्पॉइजचं (डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याचं) तेल चोपडून. २१ तास ४५ मिनिटं लागली. आजही खाडीच्या अधिकृत मोहिमेत पोहण्याचा साधा पोशाख, टोपी आणि गॉगल एवढंच चालतं. ऊब देणारा किंवा तरंगायला मदत करणारा पोशाख घातला तर ती पोहणी वेगळ्या रकान्यात जाते. ही अट मला फार मोलाची वाटते. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस एकाच पाण्यात, एकाच अटीवर उतरतात.

पोशाख मोकाट सोडला की काय होतं ते तलावात सगळ्यांनी पाहिलंय. २००८ मध्ये पॉलियुरेथेनचे (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे) तुकडे लावलेला, स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा पोहण्याचा सूट आला. वर्षभरात इतरांनी अख्खे पॉलियुरेथेनचे सूट काढले. २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पॉल बीडरमनने ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये इयान थॉर्पचा विक्रम एका शतांश सेकंदाने मोडला, ३ मिनिटं ४०.०७ सेकंद, आणि सूटचा हात होता हे त्याने स्वतः सांगितलं. १ जानेवारी २०१० पासून असे सूट बंद झाले. पुरुषांना कंबर ते गुडघा, बायकांना खांदा ते गुडघा, तेही फक्त कापडी. त्यानंतर तो विक्रम मोडायला २०२५ उजाडलं. एवढ्या वर्षांत तरुण खेळाडूंच्या किती पिढ्या त्या आकड्यावर डोकं आपटत राहिल्या असतील याचा विचार करा.

खोलपाणी:
अथांग, विक्रमांच्या बाबतीत तुमचं म्हणणं पटतं. पण मंदगती विक्रमाला चाललेल्या नाहीत. ट्रायथलॉनमध्ये वेटसूट आला तो सुरक्षिततेच्या कारणाने आणि नियमही तापमानालाच बांधलेले आहेत. आयर्नमॅन या ट्रायथलॉन मालिकेच्या स्पर्धांत वयोगटातल्या (हौशी) खेळाडूंना २४.५ अंशांपर्यंत सूट चालतो. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या ऑलिम्पिक अंतरात अव्वल खेळाडूंसाठी ही मर्यादा २० अंशांची आहे. सूटची जाडी जास्तीत जास्त ५ मिमी. म्हणजे जो चांगला पोहतो त्याच्याकडून तो लवकर काढून घेतलाय आणि जो नवखा आहे त्याच्याकडे जास्त काळ राहू दिलाय. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

अथांग:
नवख्याच्या सुरक्षिततेला माझा विरोध नाहीच. माझा आग्रह एवढाच, की सराव सूटशिवाय व्हावा. स्पर्धेच्या सकाळी पाणी तापलेलं निघालं आणि सूटला परवानगी नाही अशी घोषणा झाली की त्याच्या भरवशावर आलेल्यांचे चेहरे पाहवत नाहीत.

शिट्टी:
पाण्यातल्या बचाव पथकात काम करतो, म्हणून अथांग यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कृपया गांभीर्याने घ्या.

पहिली, उष्णता. गार पाण्यात जो सूट वाचवतो तोच कोमट पाण्यात घात करू शकतो. पोहताना शरीर सतत उष्णता तयार करतं आणि ती बाहेर पडायला वाट लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या १० किमी शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा अमेरिकेचा कसलेला पोहणारा मृत्युमुखी पडला. पाणी अतिशय गरम होतं. त्याच्या अंगावर वेटसूट नव्हता, तरीही हे घडलं. सूटसाठी तापमानाची वरची मर्यादा का घातली आहे ते यावरून समजून घ्या.

दुसरी, छातीवरचा दाब. नवा सूट, पहिलीच स्पर्धा, गार पाणी आणि आजूबाजूला हातापायांची झटापट. गळा आणि छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास वर वर चालतो आणि माणूस घाबरतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत आम्ही ज्यांना बाहेर काढतो त्यांच्यात पोहता न येणारे क्वचितच असतात, घाबरलेलेच जास्त असतात. म्हणून सूट आधी उघड्या पाण्यात वापरून बघाच. शर्यत सुरू होण्यापूर्वी चेहरा पाण्यात बुडवा, गळ्यापाशी सूट थोडा ओढून आत पाणी जाऊ द्या, मग निघा. घाबरायला झालं तर उताणं व्हा. सूट तुम्हाला बुडू देत नाही, त्या क्षणी त्याचा खरा उपयोग होतो. आणि खोकल्यातून फेस किंवा रक्त आलं, श्वासात घरघर वाटली, तर एक हातही पुढे न मारता मदत मागा. पोहताना फुप्फुसात पाणी साठण्याचा प्रकार असतो, तो अंगावर काढायचा नसतो.

मंदगती:
शिट्टी, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आता पोटऱ्यांकडे वळूया का?

डोंगरवाट:
मी सांगतो. डोंगरातल्या लांब शर्यती धावतो, कॉम्प्रेशनचे मोजे नेहमी वापरतो आणि मला फरक पडतो. उतारावर पोटऱ्या हिंदकळत नाहीत, गोळे येणं कमी झालंय, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. पॉला रॅडक्लिफसारखी मॅरेथॉन धावपटू गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावत होती, ती काही उगाच नाही. पाश्चात्त्य संशोधनाचे कागद काहीही म्हणोत, पाय माझे आहेत.

स्नायुबंध:
फिजिओथेरपिस्ट आहे, रोज धावपटूंचे पाय हाताखालून जातात. डोंगरवाट, तुमचा अनुभव मी खोडत नाही. पण त्यातल्या प्रत्येक दाव्याला वेगळं तपासावं लागेल, कारण काही टिकतात आणि काही टिकत नाहीत.

हे मोजे मूळचे दवाखान्यातले. कॉनरॅड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकी अभियंत्याला पायाच्या शिरांचा जुना विकार होता. तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्यावर सगळ्यात जास्त आणि वर येईल तसा कमी. एक मीटर खोलीवर तो सुमारे ७४ मिमी पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) इतका भरतो. असाच चढता-उतरता दाब देणारे मोजे त्याने तयार केले. घोट्याशी घट्ट आणि वर सैल, हे सूत्र तेव्हापासून आहे. शिरांमधलं रक्त खाली साठू नये, हा त्याचा हेतू.

आता धावताना काय होतं? पोटरी हा स्वतःच पंप आहे. प्रत्येक पावलाला ती आवळते आणि शिरांमधलं रक्त वर ढकलते. धावणाऱ्याचा हा पंप पूर्ण जोरात चालू असतो, बाहेरून आवळून त्यात भर पडायला फारशी जागाच उरत नाही. बसून राहिलेल्या माणसाचा पंप बंद असतो, तिथे मोजे कामाला येतात. लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताच्या लक्षण न दाखवणाऱ्या गुठळ्या होण्याचं प्रमाण या मोज्यांनी कमी होतं, याचा पुरावा भक्कम आहे. कामगिरीचा पुरावा तसा नाही. धावपटूंवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. ४०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंत कुठल्याच अंतरात वेळेत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही.

पोटऱ्या हिंदकळण्याचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. ओहायो स्टेट विद्यापीठात २०१७ मध्ये अनुभवी धावपटूंना कॉम्प्रेशनच्या पॅंट घालून आणि न घालता ट्रेडमिलवर अर्धा तास पळवलं. स्नायूंचं कंपन खरंच कमी झालं. थकवा मात्र तेवढाच आला, ताकदही तेवढीच घटली. या अभ्यासाला पैसा नायकेने दिला होता, म्हणून मला तो अधिक बोलका वाटतो.

गोळ्यांबद्दल : स्लीव्हने पोटरीतला गोळा टळतो असं मी कुठल्याही धावपटूला सांगत नाही. गोळे बहुतांशी न झेपणाऱ्या वेगाने आणि थकलेल्या स्नायूंनी येतात, त्यावरचा उपाय सरावातच आहे.

आणि आता तुमचा शेवटचा दावा, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येण्याचा. हा टिकतो. स्नायूंना इजा करणाऱ्या व्यायामानंतर, म्हणजे उतारावरचं धावणं किंवा मॅरेथॉन, हे कपडे घातले तर दुखणं कमी राहतं आणि ताकद लवकर परत येते, असं २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. परिणाम मध्यम स्वरूपाचा होता. २०१५ मधला एक प्रयोग मला विशेष आवडतो. ३३ मॅरेथॉन धावपटूंपैकी काहींना खरे कॉम्प्रेशनचे मोजे दिले, काहींना तसेच दिसणारे पण न आवळणारे. शर्यतीनंतर ४८ तास घालायला सांगितले. दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं, तेव्हा खऱ्या मोज्यांचा गट आपल्या आधीच्या वेळेपेक्षा थोडा पुढे गेला, दुसरा मागे पडला. गट लहान होता, पण नकली मोजे वापरण्याची दक्षता घेतली होती. असे अभ्यास विरळा आहेत, कारण पाय आवळला गेलाय की नाही हे घालणाऱ्याला लगेच कळतं.

डोंगरवाट:
म्हणजे शर्यतीत घालू नयेत?

स्नायुबंध:
घाला की. काटेरी झुडपांपासून, उन्हापासून, ओरखड्यांपासून बचाव होतो आणि पाय सांभाळल्यासारखे वाटतात. लांब शर्यतीत तसं वाटण्यालाही मोल आहे. माझा आक्षेप 'वेग वाढतो' या विधानाला आहे. बाकी, शर्यत संपल्यावर तुम्ही ते लगेच काढून टाकत असाल तर पुराव्याच्या दृष्टीने अगदी उलट करताय. शर्यतीनंतर कोरडे, स्वच्छ घाला आणि निदान त्या दिवशी राहू द्या.

मापाबद्दल सांगायलाच हवं. खेळाच्या दुकानातल्या बऱ्याच मोज्यांवर फक्त लहान-मध्यम-मोठा असं लिहिलेलं असतं. एकाच मापाच्या मोज्याचा दाब बारीक पोटरीवर वेगळा आणि भरलेल्या पोटरीवर वेगळा. घोट्याचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजा, सकाळी, सूज यायच्या आधी. ज्या मोज्यावर दाब मिमी पाऱ्यात दिलाय तो घ्या. १५ ते २० पुरतो. प्रवासासाठी स्लीव्ह नको, पूर्ण मोजाच घ्या, कारण स्लीव्ह घोट्याच्या वर थांबते आणि पाऊल सुजू शकतं. आणि ज्यांच्या पायांच्या धमन्यांमध्ये अडथळा आहे किंवा मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालीय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घालू नये.

चौथी_लेन:
एक नियम इथे नोंदवते, कारण तो दोन्ही विषयांना जोडतो. आयर्नमॅनच्या ज्या शर्यतीत वेटसूटला परवानगी नसते, तिथे पोहताना पोटरीवर स्लीव्ह चालत नाही. सूटच्या आत घातलेली चालते. त्यामुळे पाणी तापलं तर स्लीव्ह पाण्याबाहेर आल्यावर चढवावी लागते आणि ओल्या पायावर ती चढवताना जो वेळ जातो तो स्लीव्ह परत मिळवून देत नाही. मी तर म्हणेन शर्यतीच्या दिवशी तिचा विचारच सोडा.

मंदगती:
चौथी_लेन, आज तलावावर पुल बॉयची चाचणी केली. ठोकळा धरून ४०० मीटर नेहमीपेक्षा स्पष्टपणे लवकर झाले, तेही पाय न मारता. दमही कमी लागला. सोबतच्या मैत्रिणीने काठावरून पाहिलं. ती म्हणाली, ठोकळ्याशिवाय तुझे गुडघे वीतभर खाली असतात.

तर वेटसूट घेतेय. स्लीव्ह नाही, पण शर्यतीनंतरच्या दोन दिवसांसाठी मापाचे मोजे घेईन. आठवड्यातला बहुतेक सराव सूटशिवायच करणार, अथांग. आता एकच प्रश्न : सूट घट्ट असावा म्हणजे किती घट्ट? आणि चढवायचा कसा?

खोलपाणी:
कोरड्या जमिनीवर अस्वस्थ वाटेल इतका घट्ट, पण खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. श्वास अडला तर माप बदला. कंबरेपाशी किंवा काखेत चिमटीत रबर धरून पोकळी जाणवली तर तो सैल आहे, तिथे पाणी भरेल आणि सगळा फायदा जाईल.

चढवताना घाई नको. नखं कापलेली असू द्या, नखाने निओप्रीन लगेच फाटतं. पायात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, तो अडकत नाही. नंतर बोटांच्या मऊ भागाने रबर चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवत न्या : घोटा, गुडघा, मांडी. जांघेत अजिबात फट राहू देऊ नका. बहुतेक जण इथेच कंटाळतात, कंबरेशी आलं की हात घालतात आणि मग पाण्यात खांदे ओढले जातात म्हणून सूटला दोष देतात. खांद्याला लागणारं सैल रबर खालून वर आणलेलं असतं. बाह्या चढल्यावर एक हात वर करा आणि दुसऱ्या हाताने काखेकडून खांद्यावर आणखी थोडं रबर ओढून घ्या. मानेला मागच्या बाजूने त्वचेचं वंगण लावा, नाहीतर चेनच्या कडेने सालं निघतात. पेट्रोलियम जेली मात्र टाळा, ती निओप्रीनला मानवत नाही.

शिट्टी:
आणि काढायचा सरावही करा, ओल्या अंगाने, नाडी वाढलेली असताना. पाण्यातून बाहेर पडता पडता चेन उघडून कंबरेपर्यंत उतरवायचा, तेव्हा आत पाणी असतं म्हणून तो सहज निघतो. थांबलात तर पाणी निथळतं आणि रबर अंगाला चिकटून बसतं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवून, उलटा करून सावलीत वाळवा.

मंदगती:
मापं घेऊन ठेवली आहेत. सूट आला की पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरेन तेव्हा सोबत कुणीतरी असेलच. तिथला अनुभव याच धाग्यावर लिहिते.